आंबट झऱ्याची शीव

बागोश, ३ जून १९२३

गाश्पार दादा,

फाडायचं असेल तर फाड, पण आधी वाच. तुझा पत्ता ओर्झे काकूंच्या वेन्देलने कळवला, त्याच्यावर चिडू नकोस. काकू झऱ्यावर सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, "अगं वेरोन, तुझा भाऊ ओस्त्राव्याला आमच्या वेन्देलच्याच खोलीत राहतो. दिवसभर कोळशाच्या गाड्या ढकलतो नि रात्रभर घोरतो." सगळ्या हसल्या. मी घागर उचलली नि निघाले. पण घोरतोस म्हणजे झोप लागते तुला. बरं वाटलं.

मी कुणाला काही सांगितलेलं नाही. हे आधीच लिहिते, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. जाताना तू म्हणालास, "बोललीस तर मला बहीण नाही." बरं, नाही बोलले. एरवी तरी मी कुठे बोलते.

बाबांना वाटतं, तोझेर काकांच्या इल्काने तुला नाही म्हटलं म्हणून तू गेलास. खाणीत सगळ्यांना सांगतात, "येईल, त्या दिवसाला बरोब्बर येईल. माझ्या पोराने बारा फटके खाल्लेत त्या शिवेसाठी." मी खाली मान घालून भाकरी बांधून देते.

तू त्या रविवारी निकाल पुरता ऐकलाच नाहीस. कारभारी तोझेर काका चर्चच्या अंगणात कागद वाचत होते, आणि वहीचं नाव निघाल्याबरोबर तू मागच्या मागे सटकलास. मी बघितलं. उरलेलं सांगते.

जिनिव्हाच्या राष्ट्रसंघाने ठरवलंय की लढाईनंतर नव्या देशात टाकलेलं आपलं बागोश परत हंगेरीत जायचं. पोरं घंटा वाजवायला धावली, पाद्रीबाबा रडले. पण कागदात पुढे असं होतं: 'गावाच्या जुन्या शिवेप्रमाणे.' तीन बाजूंना ओढा नि रस्ता आहे, तिथे वाद नाही. वाद आहे तो वरच्या बाजूला, आंबट झऱ्यापाशी. शातोर गाव पलीकडच्या नव्या देशातच राहणार, आणि शातोरचे लोक म्हणतात, आमची शीव खाली नासपतीच्या झाडापर्यंत येते. त्यांचं खरं धरलं तर झरा तिकडे आणि वरची आळीही तिकडे. सातही घरं. आपलं चौथं.

म्हणजे आपण एका देशात आणि चर्च, बाजार, आईची माती दुसऱ्या देशात. मधे सरहद्दीची साखळी. बाबांचं बोट चेचलं होतं तेव्हा साखळीपलीकडच्या डॉक्टरकडे जायच्या शिक्क्यासाठी दोन दिवस बसून राहिलो होतो, तूच हात धरून बसला होतास. ते एक बोट कापावं लागलं. आता रोजचंच तसं होईल.

आणि शिवेच्या खुणेचा मातीचा ढिगारा तर दिसतच नाही. लढाईच्या वर्षांत खाणवाल्यांनी सगळा उतार डबराने भरून टाकला. तोझेर काका एकीकडे बोट दाखवतात, बाबा दुसरीकडे, पाद्रीबाबा आभाळाकडे. म्हणून हद्द ठरवणाऱ्या मंडळाचे दोन साहेब येणार आहेत. त्यांनी चौदा सालच्या शिवेच्या फेऱ्याची वही मागवून वाचून घेतली. त्यात लिहिलंय, 'आंबट झऱ्याच्या ढिगाऱ्यावर मार खाल्ला: कोत्रोत्सो गाश्पार, वय आठ, फटके बारा.' साहेब म्हणाले, हा माणूस आणा, तो दाखवील.

वहीत नाव तुझं आहे, दादा, आणि पाठ माझी होती.

ये. मी तुला सगळं शिकवते. कुणाला कळणार नाही.

वेरोन


बागोश, २१ जून १९२३

दादा,

उत्तर आलं नाही. वेन्देलने काकूंना लिहिलं की पत्र तुझ्या हातात दिलं, तू वाचलंस नि बंडीच्या आतल्या खिशात ठेवलंस. फाडलं नाहीस म्हणजे.

साहेब दोन जुलैला येणार. तू न कळवता थेट त्याच दिवशी उगवशील, असं मला वाटत राहतं. म्हणून त्या जागेवरून काय दिसतं ते लिहून पाठवते. पाठ कर नि जाळून टाक.

पण मला ते सुरुवातीपासून सांगितल्याशिवाय आठवत नाही. पाचवीत शाळा सुटली तेव्हापासून मी लिहिलंय काय तर पिठाच्या डब्यावर 'राय' नि 'गहू'. मागेपुढे झालं तर समजून घे.

पेंटेकॉस्टच्या सणाचा सोमवार होता. पुरुष कुदळी नि वाइनचे बुधले घेऊन शिवेच्या फेऱ्याला निघाले होते. प्रत्येक ढिगाऱ्यावर नवी माती टाकायची नि एका पोराला पालथं पाडून मारायचं. आजोबा म्हणायचे, "कागद जळतो, दगड सरकतो, पण मार खाल्लेलं पोर म्हातारं झालं तरी जागा दाखवतं." बाकीच्या ढिगाऱ्यांवरच्या पोरांचं ओरडणं आपल्याला खालून ऐकू येत होतं. आपला ढिगारा शेवटचा. तू सकाळपासून दोनदा ओकला होतास. झऱ्यामागच्या झुडपात माझा हात धरून म्हणालास, "वेरो, मी मरेन."

मी विचार केला नव्हता रे. तू मोठा नि मी लहान, पण आपण एका मापाचे होतो. तुझा लेंगा, तुझी बंडी, वेण्या तुझ्या हॅटखाली. आणि तू माझ्या झग्यात झुडपात बसलास. त्या झग्याचंच तुला अजून डाचतं, हो ना? मी कधी हसले नाही त्याला. एकदाच हसले, ते पण उशीत तोंड खुपसून.

छडी आजोबांच्या हातात होती नि आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू. बाबा पलीकडे शातोरच्या लोकांचे पेले भरत होते, त्यांची पाठ होती आमच्याकडे. आजोबा म्हणाले, "पालथा पड. हनुवटी जमिनीला. डोळे उघडे. दर फटक्याला काय दिसतं ते ओरडून सांग."

तर हे दिसतं. समोर खाली बघायचं: चर्चच्या मनोऱ्यावरचा क्रूस बरोब्बर गिरणीच्या छपराच्या टोकावर उभा. एक बोटभर इकडे नाही, तिकडे नाही. मग डावीकडे मान वळवायची: वरच्या जुळ्या खडकांच्या फटीत किल्ल्याचा मोडका बुरूज, फटीत दात बसवल्यासारखा. दोन्ही एकदम दिसतात अशी जागा एकच. सहा वेळा क्रूस ओरडायचं, सहा वेळा बुरूज.

सातव्या फटक्यापासून आजोबांचा हात हलका झाला. उठवताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, हॅटवरून चाचपलं. "चांगलं पोर आहे," म्हणाले. पोरगा नाही म्हणाले. त्यांना कळलं असावं. त्याच हिवाळ्यात गेले, मग विचारणार कुणाला.

मार खाल्लेल्या पोराला मधाची भाकरी मिळते ती, आपण कपडे परत बदलल्यावर, तुझ्या हातात दिली. तू झुडपात आलास नि सगळी मला दिलीस. मी अर्धी पुढे केली तर म्हणालास, "मला भूक नाही." मधाची भाकरी समोर नि तुला भूक नाही! त्यानंतर मला नीट वाकता येईपर्यंत माझ्या वाटच्या घागरी तू वाहिल्यास, आईला कळू न देता. हे मी तुला कधी बोलून दाखवलं नाही. आता लिहिते. मला फार बरं वाटलं होतं, दादा. बारा फटक्यांचं काहीच वाटलं नाही त्यापुढे.

नऊ वर्षं सगळे तुला 'झऱ्याचा गाश्पार' म्हणाले, त्याचा मला कधीच राग आला नाही. माझं नाव कुणी घेतलं की मला घाम फुटतो. तुझ्यामुळे वाचले मी.

क्रूस छपराच्या टोकावर. बुरूज फटीत. ये.

वेरोन


बागोश, ५ जुलै १९२३

दादा,

मी तुझं ऐकलं नाही. म्हणजे बोलले असंही नाही. झोपले. थांब, सांगते.

सोमवारी दोन साहेब आले. एक इटालियन, जाडा, उतार चढताना दर दहा पावलांवर थांबून निसर्ग बघायचा. दुसरा जपानी, बारीक, पांढरे हातमोजे घातलेला, एकदाही न थांबता वर. बरोबर चष्म्याचा दुभाष्या आणि तीन पायांवर ठेवायची दुर्बीण. आपलं अख्खं गाव वर, शातोरचंही अख्खं गाव वर. झऱ्यापाशी बायका शातोरच्या बायकांशी गप्पा मारत होत्या, पुरुष मात्र शातोरच्या पुरुषांना ओळखत नसल्यासारखे. तोझेर काकांचा तर सख्खा साडू तिकडच्या बाजूला उभा, नि दोघं एकमेकांच्या टोप्यांकडे बघतायत.

दुभाष्याने विचारलं, "कोत्रोत्सो गाश्पार?"

बाबा पुढे झाले. "येतोय. वाटेत असेल."

"काल आले असते तर बरं होतं."

"गाडी चुकली असेल."

मंगळवारीही तेच. बाबा सकाळपासून वाटेच्या वळणावर उभे. मी पाण्याची घागर घेऊन बायकांच्या मागे. माझ्या तोंडात सगळं तयार होतं दादा, क्रूस नि छप्पर, पण जीभ टाळूला चिकटलेली. तुझी आठवण केली की वाटे, बोलले तर भाऊ गेला. नाही बोलले तर घर गेलं. आणि खरं सांगू? त्याहून जास्त भीती मला त्या दोनशे माणसांची होती. तुला दिलेला शब्द मला फार सोयीचा पडला होता.

मग शातोरवाल्यांनी आपला साक्षीदार आणला, पोंग्राट्स काका. त्यांनी सत्त्याऐंशी साली त्याच ढिगाऱ्यावर मार खाल्लेला. मिशा ओठांवरून खाली आलेल्या. काठी टेकत गेले नि थेट नासपतीखाली उभे राहिले. "इथे. देवाशपथ इथे."

आपल्या बाजूला आरडाओरडा झाला. बाबा म्हणाले, "पोंग्राट्स, तुला तुझं घर संध्याकाळी सापडत नाही!" ते म्हणाले, "आमचा साक्षीदार इथे उभा तरी आहे, बेर्तालान. तुझा कुठाय?" बाबा पुन्हा वाटेच्या वळणाकडे बघायला लागले. ते मला बघवलं नाही.

इटालियन साहेबाने घड्याळ बघितलं. दुभाष्या म्हणाला, "वहीतला माणूस आला नाही. दुसरी साक्ष नाही. साहेब नासपतीला खूण करायला सांगतायत." एक माणूस लाल रंगाची खुंटी घेऊन खाली निघाला.

मी घागर खाली ठेवली. बस, तेवढंच मी ठरवून केलं. पुढचं पायांनी केलं. डबरावर चढले नि चालत राहिले. मागे बघून क्रूस छपराच्या टोकावर आणला, मग मान वळवून बुरूज शोधत वर वर. उभ्याने काही जमेना. उभ्याने मी ते कधी बघितलंच नव्हतं. म्हणून पालथी पडले. सगळ्यांसमोर, झग्यासकट, टोकदार दगडांवर, हनुवटी खाली.

ओर्झे काकू ओरडल्या, "अगंबाई, पोरगी चक्कर येऊन पडली! पाणी आणा!" कुणीतरी म्हणालं, "पाणी तिनेच तर ठेवलंय." हसले सगळे. मी पोटावर सरकत सरकत वर गेले, सरड्यासारखी. हाताभर आणखी. आणि बुरूज फटीत बसला.

मग आवाज आपोआप आला. मी ओरडले, "क्रूस छपराच्या टोकावर! बुरूज फटीत!" सहा वेळा हे, सहा वेळा ते. इतक्या मोठ्याने मी जन्मात बोलले नव्हते. गप्प झाले तेव्हा डोंगरावर नुसता झऱ्याचा बुडबुड आवाज.

हातमोजे माझ्या नाकाशी आले. जपानी साहेब. दुभाष्याने वरून विचारलं, "मुली, तू कोण?"

"वेरोन. मार मी खाल्ला. गाश्पारचे कपडे होते."

शातोरचा एकजण ओरडला, "वहीत पोराचं नाव आहे! आता पोरी पढवून आणल्या का?" आणि आपल्याकडूनच कुणीतरी म्हणालं, "हिला एरवी नाव विचारलं तरी सांगता येत नाही, हिला कोण पढवणार?" तरी मला वाटलं, झालं. खोटी ठरले, नि भाऊही गेला.

तेव्हा दुभाष्याने पिशवीतून तुझं पत्र काढलं.

दादा, मला काय कल्पना! ते म्हणाले, हे दोन दिवसांपूर्वी मंडळाच्या कचेरीत आलं. अशी पत्रं दोन्ही बाजूंनी रोज पोत्याने येतात, म्हणून साहेबांनी बाजूला ठेवलं होतं. मग त्यांनी ते मोठ्याने वाचलं. मी दगडावर पडलेलीच होते, उठायचं सुचलं नाही. माझ्या पाठ झालंय: "वहीत माझं नाव आहे ते खोटं आहे. मार माझी बहीण वेरोन हिने खाल्ला. मी तिचा झगा घालून झुडपात बसलो होतो. जागा तिला माहीत आहे, मला नाही. तिला चार माणसांत उभं करून विचारू नका, ती बोलणार नाही. तिला त्या डोंगरावर पालथी झोपू द्या, मग ती सांगेल. ती खोटं बोलत नाही. खोटं नऊ वर्षं मी बोललो."

'झगा घालून' हे तू लिहिलंस. साहेबांना. कुणीही मोठ्याने वाचील अशा कागदावर. कुणीच तुला तेवढं विचारलं नव्हतं, ते गाळून चाललं असतं. तू गाळलं नाहीस, म्हणूनच त्यांचा विश्वास बसला. दुभाष्या म्हणाला, "अशी गोष्ट कोणी पढवून लिहीत नाही."

कुणी हसलं नाही. शातोरचं पण कुणी नाही.

जपानी साहेबाने टोपी काढून दुभाष्याच्या हातात दिली, नि माझ्या शेजारी त्या डबरावर पालथा पडला. पांढऱ्या हातमोज्यांसकट. हनुवटी दगडावर टेकून खाली बघितलं, मान वळवून वर बघितलं. बराच वेळ. मग मला काहीतरी म्हणाला. दुभाष्याने सांगितलं, "साहेब म्हणतात, बरोबर आहे, दिसतंय."

मग खणायचं ठरलं. दोन्ही गावांचे पुरुष लागले, साडू-साडू एकाच पहारीला. दुपार टळून गेली तेव्हा खाली काळी माती लागली, आणि मातीखाली कोळसे नि मडक्यांच्या खापऱ्या. आजोबा सांगायचे ना, जुने लोक ढिगाऱ्याच्या पोटात कोळसा पुरायचे, कारण कोळसा कुजत नाही, तेच. नुसते कोळसे असते तर म्हटलं असतं शेकोटी असेल, पण खापऱ्यांवर खापऱ्या नीट रचलेल्या होत्या. पोंग्राट्स काका वाकून बघत राहिले. मिशी चावत म्हणाले, "असेल बाबा. खरं सांगायचं तर मी डोळे घट्ट मिटले होते. फार लागत होतं."

तेव्हा मात्र सगळे हसले. काका पण.

जागा झऱ्याच्या चाळीस पावलं वर निघाली. सातही घरं आत, दादा. इटालियन साहेबाने कागदावर लिहिलं. जपानी साहेबाने एक ओळ जास्तीची घालायला लावली: शातोरच्या लोकांनी शिक्क्याशिवाय झऱ्याचं पाणी न्यावं, पूर्वीसारखंच. म्हणजे त्यांच्या बायकाही घागरी रिकाम्या घेऊन परत गेल्या नाहीत.

मला त्यांचे आभार मानायचे होते. जमलं नाही. झऱ्याचं पाणी पेल्यात भरून दिलं. साहेब प्यायले, तोंड असं झालं जसं लिंबू चावलं, मग वाकून नमस्कार केला नि आणखी मागितलं. मी रात्री पडल्या पडल्या विचार केला, तिकडे जिनिव्हाला तळ्याकाठी मोठी माणसं टेबलाशी बसतात. त्यांना बागोश म्हणजे काय माहीत असणार? तरी त्यांनी सात घरांसाठी एवढ्या लांबून माणूस पाठवला, आणि तो माणूस माझ्या शेजारी दगडावर झोपला. देव त्यांचं भलं करो.

पण त्या टेबलाच्या कागदाला तुझ्या कागदाशिवाय काही अर्थ नव्हता. मी तुला भित्रा समजत होते, दादा. माफ कर. झुडपातून बाहेर यायला तुला नऊ वर्षं लागली असतील, पण तू भर गावासमोर बाहेर आलास, नि मला उठवायला आलास.

बाबा बरे आहेत. तुझी विचारपूस करत होते.

हे खोटं आहे. आत्ता वर लिहिलं की मी खोटं बोलत नाही, म्हणून खोडत नाही, खरं लिहिते. त्या दिवसापासून बाबा जेवताना बोलत नाहीत. एकदाच म्हणाले, "नऊ वर्षं मी कुणाच्या पाठीची बढाई मारत होतो? दोन पोरं मला, नि कोणतं कुठलं ते मला कळलं नाही." तुझं नाव घेत नाहीत. तू लगेच येऊ नकोस. थोडं थांब.

वेरोन


बागोश, २४ फेब्रुवारी १९२४

दादा,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. लोकरीचा रुमाल पण. ओस्त्राव्याच्या दुकानातला रुमाल मी डोक्याला बांधून चर्चला गेले तर इल्का म्हणाली, "हा कुणी दिला गं?" मी म्हटलं, "भावाने." एवढं बोलले मी, चर्चच्या दारात, न अडखळता.

परवा साखळी काढली. पलीकडचे शिपाई सामान गाडीवर लादून गेले. त्यातला तो लाल कानांचा, जो ओर्झे काकूंची अंडी मोजून घ्यायचा, जाताना टोपी उडवून म्हणाला, "काकू, तुमच्या कोंबड्यांची आठवण येईल." काकू म्हणाल्या, "त्यांना पण येईल रे मेल्या, तुझ्यामुळेच त्या इतकं घालायच्या, भीतीने." आणि मग त्याला वाटेत खायला भाकरी बांधून दिली. आपले शिपाई आले, गाणं झालं, पाद्रीबाबा पुन्हा रडले.

पण मला सांगायचं आहे ते दुसऱ्या दिवसाचं.

नवे दगड बसवून झालेत, तर लगेच फेरा काढायचा असं तोझेर काकांनी ठरवलं. बर्फ होतं तरी. आंबट झऱ्याच्या नव्या दगडापाशी पोचलो. शातोरचे लोक पण आले होते, रिवाजाप्रमाणे. तोझेर काकांनी विचारलं, "इथलं पोर कोण?" ओर्झे काकूंनी त्यांच्या धाकट्या बालिंतला पुढे ढकललं. सहा वर्षांचा. दात वाजत होते त्याचे. थंडीने नव्हे, मला माहीत आहे कशाने.

मी म्हणणार होते काहीतरी. तोंड उघडलं पण होतं.

त्याआधी बाबांनी हॅट काढून बर्फावर ठेवली, कोटाची बटणं काढली, नि पालथे पडले.

तोझेर काका म्हणाले, "बेर्तालान, सकाळीच चढवलीस का?"

बाबा खालूनच म्हणाले, "पोराला कशाला मारता? पोराला आठवतं. विसरतो तो बाप. वेरोन, छडी घे."

"बाबा, उठा," मी म्हटलं. "बर्फ आहे."

"छडी घे म्हणतो ना. दोन मार. एक तुझा, एक त्याचा. आणि काय बघायचं ते सांग, मी नऊ वर्षं चुकीची जागा दाखवत आलोय."

सगळे बघत होते दादा, दोन्ही गावं. मी छडी घेतली. म्हटलं, "हनुवटी खाली. डोळे उघडे. समोर काय?"

"क्रूस," बाबा म्हणाले. "गिरणीच्या छपरावर."

"टोकावर?"

"टोकावर, बाई, टोकावर."

माझा फटका मी हळू मारला. कोटावरचं बर्फ पण उडालं नाही.

"आता डावीकडे."

बाबांनी मान वळवली. बराच वेळ बघत राहिले. जपानी साहेब बघत होता तसंच. म्हणाले, "बुरूज. फटीत. अगदी घट्ट." मग म्हणाले, "माझं सात वर्षांचं पोर इथून हे बघत होतं, नि मी तिकडे वाइन ओतत होतो."

तुझा फटका मी जोरात मारला, दादा. का ते माहीत नाही. हात तुझाच वाटला. झऱ्याच्या पलीकडच्या खडकावरून आवाज परत आला.

पोंग्राट्स काका म्हणाले, "अरे बापरे." बालिंत टाळ्या वाजवायला लागला, काकूंनी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

बाबा उठले. पाठ चोळली, कोट झटकला, हॅट डोक्यावर ठेवली. डोळे ओले होते, पण वारा पण फार होता. मला म्हणाले, "गाश्पारचा हात भलताच जड झालाय. कोळशाने असेल. त्याला लिही, म्हणावं, मारायचं तर घरी येऊन मार, हे असं टपालाने कशाला?"

वेरोन